मधल्या खुर्चीतला गुंडूअण्णा

गुंडूअण्णाचं मूळव्याधीचं मलम सात वर्षं मी आणलं आणि माझ्या साखरेच्या गोळ्या त्यानं. हा त्याचा कायदा. कुणाला काय झालंय ते औषधाच्या दुकानदाराला कळता कामा नये. त्यामुळं झालं असं की तो दुकानदार चार गिऱ्हाइकांदेखत मला ओरडून विचारायचा, "काय यजमानरे, बसायला जमतंय का आता? तिखट स्वल्प कमी करा." मी मान डोलवायचो. काय करणार?

बातमी आमच्या सगळ्या बसवनगुडी भागात पसरली. कुणाकडं सणाला गेलो की मला मऊ उशी मिळायची आणि म्हैसूरपाक मिळायचा. गुंडूअण्णाला लाकडी खुर्ची आणि बिनसाखरेची कॉफी. तो त्या खुर्चीवर एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत ती कडू कॉफी प्यायचा, आणि रस्त्यात आल्यावर मला म्हणायचा, "बघितलं, मारुतीराव? कुणाला काही कळलं नाही."

देवळातही तेच. आमच्याकडं अर्चना करायची तर भटजी नाव, नक्षत्र, गोत्र विचारतात. हा खुशाल माझं सांगायचा. मी म्हटलं, अण्णा, निदान देवाला तरी खरं सांगा. तर म्हणतो, "देवाला दिसतंय की कोण उभा आहे ते. मधल्या माणसाला कशाला पाहिजे?" एवढ्या वर्षांची त्याची पूजा माझ्या नावानं देवाकडं गेली. तरी माझी बायको, इंदू, गेलीच. म्हणजे त्या पूजेत काही दम नव्हता, नाहीतर देवाला खरंच दिसत होतं कोण उभा आहे ते.

आम्ही दोघं एका वठारात राहतो. वठार म्हणजे एक अंगण, भोवती सात बिऱ्हाडं आणि मधे एक नळ. मी निपाणीकडचा, चौथी झालेला. होसकोट्याकडं एका कारखान्यात लेथवर सगळी नोकरी काढली. गुंडूअण्णा हलगेकर बेळगावकडचा, मॅट्रिक. त्यानं लग्न केलं नाही. का नाही केलं, विचारलं तर उत्तर ठरलेलं: "लाईन क्लिअर नाही."

हे त्याचं नोकरीतलं बोलणं. तो ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर होता. बत्तीस वर्षं. आताच्या लोकांना ठाऊक नसेल, पूर्वी परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. मग हा मधल्या खुर्चीत बसलेला माणूस कानाला यंत्र लावून, एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खुपसून तुम्हाला जोडून द्यायचा. तीन मिनिटं झाली की मधेच आवाज यायचा, "थ्री मिनिट्स. वाढवू?" गुंडूअण्णा रिटायर झाला, पण ते सुटलं नाही. अंगणात कुणाशी बोलत उभा असला तरी तीन मिनिटांनी म्हणणार, "वाढवू?" समोरच्यानं नको म्हटलं की वाक्य अर्धं टाकून घरात. एकदा घरमालक त्याला भाडं वाढवायचं कारण समजावून सांगत होता. त्याचंही अर्ध्यात तोडलं.

बत्तीस वर्षांत त्यानं काय काय ऐकलं असेल! कुणाची लग्नं मोडलेली, कुणाच्या वडिलांनी प्राण सोडलेला, कोण कुणाला फसवतंय, सगळं. पण एक अक्षर कधी तोंडातून बाहेर नाही. वठारातल्या बायकांनी चकल्या देऊन बघितल्या. चकल्या खाऊन गप्प. म्हणूनच त्याला ही खोड लागली असणार. दुसऱ्यांचं इतकं फुकट ऐकलेल्या माणसाला आपलंही कुणीतरी ऐकत असेल ही धास्ती राहणारच.

तर नव्वदचं दशक संपता संपता गांधी बझारच्या बाजूला मंगळम्मानं सायबर सेंटर काढलं. त्याआधी तिथं तिचंच ब्लाउज शिवायचं दुकान होतं. शिलाईची तीन मशिनं गेली आणि चार कॉम्प्युटर आले. फळ्या ठोकून चार खोपटी केली आणि उरलेल्या अस्तराच्या कापडाचे पडदे लावले. गुलाबी, पिवळा, मोरपंखी आणि पुन्हा गुलाबी. बाहेर पाटी: "खासगी केबिन".

पडदा ओढला की माणूस काय धीट होतो ते मी तिथं बाकावर बसून बघितलंय. गावात जानवं दाखवत फिरणारे गृहस्थ पडद्यात शिरले की अर्धा तास बाहेर येत नसत, आणि आले की कान लाल. एक बँकेतले साहेब रोज नोकरीचे अर्ज धाडायचे, आणि भेटले की सांगायचे, मुलाला पत्र लिहितो. पडद्याच्या खालून सगळ्यांचे पाय दिसायचे. चपलांवरून मंगळम्मा माणूस सांगायची.

आमच्या वठारात पुढच्या खोलीत केदार म्हणून पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला राहायचा. सव्वीस-सत्तावीसचा. कंपनीत हिंदी बोलायचा, आमच्याशी अर्धं इंग्रजी. त्यानं गुंडूअण्णाला त्या दुकानातली खरी गंमत दाखवली. फोनची लाईन एकच. कॉम्प्युटर चार. मग चौघांना ती पुरते कशी? तर मंगळम्माच्या कापड बेतायच्या टेबलाखाली पाचवा कॉम्प्युटर होता. तो कुणाच्या समोर नाही, नुसता घुरघुरत पडलेला.

"ह्याला प्रॉक्सी म्हणतात, अण्णा," केदार म्हणाला. "केबिनमधल्यानं एखादं पान मागितलं की डायरेक्ट बाहेर जात नाही. ह्याच्याकडं येतं. हा बाहेर जाऊन आणतो आणि त्याला देतो. बाहेरच्याला वाटतं, हाच मागतोय. आत कोण बसलंय, त्याला पत्ताच नाही."

गुंडूअण्णाचे डोळे असे झाले की मी घाबरलो. म्हणाला, "मारुतीराव, हे औषधाच्या दुकानासारखं झालं!"

"म्हणजे मलम आणायला हा खाली बसलेला," मी म्हटलं. "बिचारा."

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी तिथं. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. टेबलाखाली वाकून त्या पाचव्याकडं बघायचा, देवळात खांबामागून मूर्तीकडं बघतात तसा.

केदारचं समाधान मात्र एका प्रॉक्सीवर होईना. त्याला त्याच्या मॅनेजरचा राग होता. काम ह्यानं करायचं, नाव त्यानं घ्यायचं. तेव्हा इंटरनेटवर एक फळा असायचा, कंपन्यांतली पोरं तिथं नाव न सांगता आपापल्या साहेबांना शिव्या घालायची. केदारनं मंगळम्माच्या केबिनमध्ये बसून परदेशातला एक फुकटचा प्रॉक्सी शोधला आणि त्याच्यामार्फत त्या फळ्यावर चांगलं लांबलचक लिहिलं. मॅनेजर मीटिंगमध्ये घोरतो, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवतो, आणि डब्यातलं लोणचं चोरतो.

सकाळी नळावर आम्हाला सांगत होता, "काका, टोटली सेफ. त्यांना वाटणार कुणीतरी फिनलंडमधून लिहिलंय."

गुंडूअण्णानं विचारलं, "आणि त्या फिनलंडवाल्याला काय वाटणार?"

"म्हणजे?"

"तुमचं पत्र त्याच्या हातातून गेलं ना? तो कोण आहे? ओळखीचा आहे?"

"अण्णा, ते मशीन आहे."

"मशीन कुणाच्या तरी घरात असेल की. फुकट का नेतोय तो तुमची पत्रं? मी पगार घेऊन ऐकत होतो. हा फुकट ऐकतोय म्हणजे माझ्यापेक्षा हौशी दिसतोय."

केदार हसला. कळशी भरून गेला. दोन दिवसांनी गांधी बझारात फुलं विकणारी बाई त्याला थांबवून म्हणाली, "काय सार, तुमचा मॅनेजर घोरतो म्हणे?"

केदारच्या तोंडचं पाणी पळालं. आला धावत आमच्याकडं. फिनलंडमार्गे गेलेली गोष्ट फुलवालीला कशी कळली?

कशी कळणार? मंगळम्मामुळं. टेबलाखालचा तो पाचवा नुसता ने-आण करत नव्हता. कुठल्या केबिनमधून किती वाजता कुठलं पान मागितलं, सगळ्याची यादी लिहून ठेवत होता. बाहेर फिनलंडचं सोंग होतं, पण सोंग घ्यायला केदार आधी मंगळम्माच्याच दारातून गेला होता ना. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही बाई चष्मा लावून यादी वाचायची. तिच्या चष्म्याला यादीतली ती फळ्याची जागा दिसली, तिनं ती उघडली. फळ्यावर सहा दहाला घोरणारा मॅनेजर, आणि यादीत सहा दहाला मोरपंखी पडद्यात केदार. शिलाई केलेली बाई, माप बरोबर जुळवलं. मॅनेजरला अजून काही कळलं नव्हतं. बसवनगुडीला कळलं होतं.

मला तर हसू आवरेना. चार पडदे, दोन प्रॉक्सी, एक परदेश, आणि शेवटी फुलवाली.

गुंडूअण्णा हसला नाही. ताडताड निघाला, मागून मी. दुकानात जाऊन मंगळम्मापुढं उभा राहिला. त्याला असं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"मंगळम्मा, ती यादी वाचायची नाही."

"अय्यो, का? माझं मशीन, माझं दुकान."

"मशीन तुमचं. बोलणं त्यांचं."

"मी कुठं काय केलं? दिसलं ते वाचलं."

"दिसतं ते दिसणारच. मधल्या खुर्चीत बसलं की सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. त्याला इलाज नाही. पण मग तोंड शिवून घ्यायचं. तुम्हाला शिवता येतं ना?"

मंगळम्मा आधी चिडली, मग जरा वेळानं ओशाळली. गिऱ्हाईक तुटेल हेही तिच्या डोक्यात आलं असेल. शेवटी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाली. ठरलं असं की रोज दुकान बंद करताना यादी पुसायची आणि ती गुंडूअण्णासमोर पुसायची. केदारनं पुसायची बटणं दाखवून दिली. गुंडूअण्णा त्या बटणांचं वर्णन असं करायचा की जणू एक्स्चेंजच त्याच्या ताब्यात परत दिलंय. "खासगी केबिन" ही पाटी त्यानं उतरवायला लावली. तिथं स्वतःच्या हातानं कन्नड आणि इंग्रजीत लिहिलं: "पडदा फक्त शेजाऱ्यासाठी आहे." आठ दिवस गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. नंतर कुणी ती पाटी वाचेनासं झालं आणि पुन्हा गर्दी झाली. माणसाला आपलं कुणी बघत नाही असं समजायला फार आवडतं. त्यात त्याला कुणी अडथळा आणलेला खपत नाही.

आता मला माझं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

इंदूचा भाऊ बाळू, निपाणीचा. त्याच्या लग्नात मला, घरच्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं. एवढ्यावरून मी त्या घराचं नाव टाकलं. इंदूला बजावलं, त्या घराशी संबंध नाही. मूर्ख होतो, पण ते आता सांगून काय उपयोग? एकोणीस वर्षं तसाच राहिलो. ती काही बोलली नाही. दर महिन्याला एका गुरुवारी मठात जायची, जरा उशिरा यायची, एवढंच. ती गेली तेव्हा बाळू आला. तेराव्याला जाताना दारात उभा राहून म्हणाला, "अक्का दर महिन्याला फोनवर बोलायची माझ्याशी. शेवटपर्यंत." आणि गेला.

तेव्हापासून घास उतरत नव्हता. मठ नव्हता तो. पोस्टात जाऊन फोन करत होती. काय बोलत असेल? मला शिव्या देत असेल? रडत असेल? द्यायलाच पाहिजेत शिव्या, पण मला त्या ऐकायच्या होत्या. बाळूला विचारायला मला तोंड नव्हतं. आणि माझ्या डोक्यात गुंडूअण्णा कधी आलाच नाही. इतकी वर्षं त्याचं मलम आणतोय, पण हे सुचलं नाही.

सुचलं ते असं. एका संध्याकाळी सायबर सेंटरमध्ये पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ आले, सफारी घातलेले. त्यांची मुलगी तिथं बसून कुणाला तरी लिहायची. त्यांना यादी पाहिजे होती. मंगळम्मानं गुंडूअण्णाकडं बोट दाखवलं.

"यादी पुसली," गुंडूअण्णा म्हणाला.

"पुसायच्या आधी बघितली असेल ना?"

"बघितली."

"मग?"

"मग पुसली."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"मग तिला विचारा. घरातच आहे ती. इथं मधल्याकडं कशाला आलात?"

गृहस्थ काय काय बोलून गेले. मी मात्र बाकावर तसाच बसून राहिलो. हा माणूस बघतो, ऐकतो आणि पोटात ठेवतो. आणि इंदूचे सगळे फोन ट्रंकच्या काळातले, निदान पहिली कित्येक वर्षं.

घरी येताना मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "अण्णा, इंदूचे निपाणीचे कॉल तुमच्याकडून जायचे का?"

तो चालायचा थांबला. मग म्हणाला, "लाईन क्लिअर नाही."

"अण्णा, ती गेलीय. आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

"गेली म्हणून तिचं बोलणं तुमचं झालं का?"

"मी नवरा आहे तिचा."

"मघाचा तो बाप होता."

माझ्या तोंडून घाण शिवी गेली. त्यालाही ऐकू आली, रस्त्यालाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन माझ्या साखरेच्या गोळ्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, "अय्यो, हेही लागलं का तुम्हाला?" गुंडूअण्णानं आपलं मलम स्वतः आणलं की नाही, ठाऊक नाही. नळावर मात्र अवघडून उभा असायचा.

तीन आठवडे गेले. केदारनं मधे पडून बघितलं. त्याला म्हटलं, तू तुझा फिनलंड बघ.

मग एका सकाळी गुंडूअण्णा माझ्या पायरीवर येऊन बसला. बसला म्हणजे टेकला. माझ्याकडं न बघता, अंगणाकडं बघत बोलायला लागला.

"एकच सांगतो. आजवर कुणाचं सांगितलं नाही. वहिनींचे कॉल माझ्याच बोर्डावर यायचे. मीच मागून घ्यायचो ते. पहिल्याच वेळी आवाज ओळखला. त्यांनीही माझा ओळखला असणार, पण कधी दाखवलं नाही."

मी येऊन त्याच्या शेजारी बसलो.

"नियम असा होता, लाईन नीट आहे ना बघायला मधेमधे ऐकायचं. मी सगळ्यांचं ऐकायचो, खोटं कशाला बोलू? नियमापेक्षा जास्तच ऐकायचो. खोलीवर येऊन बोलायला कोण होतं? पण वहिनींना जोडून दिलं की मी माझी ऐकायची चावी बंद करायचो. एक अक्षर ऐकलं नाही. सकाळी नळावर तुमचं तोंड बघायचं असायचं, मारुतीराव. ऐकून कसं बघणार होतो?"

"मग बोलणं संपलं हे तुम्हाला कळायचं कसं?"

"बोर्डावर बारीक दिवा असतो. फोन खाली ठेवला की लागतो. त्या दिव्याकडं बघत बसायचो. लवकर लागू नये असं वाटायचं." मग म्हणाला, "बत्तीस वर्षांत माझ्या नावानं कुणी कॉल नोंदवला नाही. वहिनींचा आला की आपल्या घरचं कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. म्हणून तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नाही. तेवढं सांगायची लाज वाटत होती. तुम्हाला वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे."

मी म्हटलं, "बाळूचा नंबर?"

"नंबर सांगायला हरकत नाही," तो लगेच म्हणाला. "नंबर डिरेक्टरीत छापलेला असतो." आणि निपाणीचा नंबर तोंडपाठ सांगितला.

आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. मी दोनदा चुकीचीच बटणं दाबली. गुंडूअण्णानं नंबर लावला, रिसीव्हर माझ्या हातात दिला, बाहेर जाऊन काचेचं दार नीट लावलं, दोनदा ढकलून बघितलं.

पलीकडं बाळूनंच उचलला. फोनवर आवाज म्हातारा वाटला. मी नाव सांगितलं.

"दाजी," तो म्हणाला, "अक्का दर वेळी ठेवताना म्हणायची, पुढच्या खेपेला ह्यांना घेऊन येते फोनवर."

मी काचेतून बाहेर बघितलं. गुंडूअण्णा रस्ता ओलांडून पार पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा होता, माझ्याकडं पाठ करून. मधून बस जात होत्या, रिक्षा जात होत्या. तिथवर माझा शब्द पोचणं शक्यच नव्हतं. तरी त्यानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते.